एगोन काय म्हणतो?

आमच्या दुकानातला जो गल्ला मुद्दाम सावकाश चालवायचा असतो, त्यावर आमच्या मालकानं वान्ने गावातली सगळ्यात वेगवान बाई आणून बसवली. याला काय म्हणावं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी बेर्बेल. सॉसेज आणि चीजच्या काउंटरमागे उभं राहून माझे केस पिकले. तिथून सगळे गल्ले दिसतात, त्यामुळे दुकानात काय घडतं ते मालकाच्या आधी मला कळतं.

सावकाश गल्ला ही थीलमानची कल्पना. थीलमान म्हणजे आमचा मालक. दुकान त्याला बापाकडून मिळालं, पण कल्पना त्याच्या स्वतःच्या. हॉलंडमध्ये कुठेतरी त्यानं पाहिलं, की एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी एक गल्ला राखून ठेवलेला असतो आणि तिथे हवं तेवढं बोलत बसता येतं. झालं, आमच्याही शेवटच्या गल्ल्यावर पाटी लागली: 'इथे घाई नाही'. मी त्याला बाबागाडीत पाहिलेला असल्यामुळे तोंडावर बोलते. म्हटलं, "अरे, गप्पा मारायला कोण महागाच्या दुकानात येणार आहे?"

"बेर्बेलमावशी, पलीकडे लोणी आपल्यापेक्षा स्वस्त आहे," तो म्हणाला. "दूध, साखर, पीठ, सगळंच. आपल्याकडे जास्तीचं काय मिळतं, ते तूच सांग."

मी हॅम कापत राहिले.

पलीकडे म्हणजे पार्किंगच्या पलीकडे. ते स्वस्तवालं दुकान आणि आमचं, दोघांत मिळून एकच पार्किंग आहे. आमच्या जर्मनीतल्या या कोळशाच्या मुलखात ही स्वस्त दुकानं आजीच्या काळापासून आहेत, त्यामुळे त्यात नवल कुणालाच नाही. खोक्यांची तोंडं फाडून माल तसाच मांडलेला, एका वस्तूचा एकच प्रकार, आणि घ्या नि चालू पडा. लोक आधी तिकडे जातात, दूध-पिठापासून संडासच्या कागदापर्यंत सगळं ट्रॉलीत भरतात, गाडीच्या डिकीत लोटतात, डिकी नीट लावली ना बघतात आणि मग हातात एक कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे येतात. कशाला? तर रविवारी पाहुणे आहेत म्हणून शंभर ग्रॅम चांगलं हॅम घ्यायला. आणि गंमत बघा, जेवढी गाडी मोठी तेवढी पलीकडची खरेदी जास्त. दातांचे डॉक्टर आणि शाळेचे हेडमास्तर पलीकडून बाहेर पडताना काही जिंकून आल्यासारखे दिसतात. ज्यांचं पेन्शन तुटपुंजं, ते मात्र आमच्याकडे येतात, कारण पलीकडे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, याची लाज त्यांनाच वाटते. माझ्या काउंटरवर रोज हे सगळं चालतं आणि रोज माझं डोकं फिरतं.

रोस्विता डोंब्रोव्स्की पलीकडून आली. तिथल्या गल्ल्यावर तिनं उमेदीची वर्षं घालवली. सुरुवातीला तर वस्तू ओळखणारं यंत्रही नव्हतं, सगळ्या किमती डोक्यात ठेवाव्या लागत. पुढे यंत्र आलं तसा हिचा वेग आणखी वाढला. पलीकडच्या गल्ल्यापुढे सामान ठेवायला तळहाताएवढी जागा असते. माल तिथे येऊन पडायच्या आत ट्रॉलीत टाकायचा, नाहीतर मागचा माणूस उसासे टाकतो. रोस्विताच्या गल्ल्यावर धडधाकट माणसांना घाम फुटायचा. मी स्वतः एकदा तिच्याकडून दूध नेलं, ते घरी पोचेपर्यंत मला धाप लागलेली होती. ती उर्मट नव्हती, मान वर करून बघायलाच तिला सवड नसायची.

मग तिची बोटं गेली. म्हणजे आहेत, पण मनगटातली कुठलीशी शीर दाबली जाऊन बधिर होतात. नाणं हातात आहे की नाही, हे तिला बघून ठरवावं लागे. पलीकडच्यांनी निरोपाचा फुलांचा गुच्छ दिला, तो घेऊन ती पार्किंग ओलांडून आमच्याकडे आली आणि थीलमाननं तिला शेवटच्या गल्ल्यावर बसवलं. शरदापर्यंत बघू, म्हणाला. तोपर्यंत गल्ला चालला तर ती पक्की, नाहीतर गल्लाही बंद आणि तीही घरी.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या समोर बसली. डबा उघडला, ब्रेडचा तुकडा हातात धरला आणि बघत बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "घरी कोण कोण?"

"कोणी नाही. नवरा फेब्रुवारीत गेला. एगोन."

बटाटे संपलेत, पुढच्या मंगळवारी येतील, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. कार्निव्हलच्या सोमवारी गेला म्हणे. रस्त्यावर ढोल, दवाखान्यातली नर्ससुद्धा नाकावर विदूषकाचा लाल गोळा लावून आलेली. पुरून आल्यावर हक्काची रजा होती तेवढी घेतली आणि ही पुन्हा गल्ल्यावर. मी म्हटलं, "अगं, रडलीस तरी का?" तर म्हणाली, "वेळच आली नाही." आणि वर म्हणते, "हा ब्रेड तू खातेस का? मला हल्ली कशाची चव लागत नाही. कागद खाल्ल्यासारखं वाटतं." मला तिची कीव आली आणि तिचा थोडा रागही आला. ब्रेड मी खाल्ला. पलीकडचा होता, वाईट नव्हता.

ती राहते शेजारच्या गावात, बसनं येते. त्यामुळे आमच्या गिऱ्हाइकांना तिच्या घरचं काही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी पाश्के आले. हे पाश्के डुइसबुर्गला जन्मभर ट्राम चालवायचे. बायको वारल्यावर मुलीनं त्यांना आमच्याकडे आणलं, चर्चमागच्या इमारतीत दोन खोल्या घेऊन दिल्या. ऐंशीच्या पुढचे, पण टोपी सरळ आणि बूट पॉलिश केलेले. त्यांनी आपलं सामान गल्ल्याच्या सरकत्या पट्ट्यावर एकेक करून मांडलं आणि खिशातून पाकीट काढायला हात घातला. पाकीट बाहेर येईपर्यंत रोस्वितानं सगळं सामान पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पोचवून बिल फाडलं होतं.

पाश्के बघतच राहिले. "बाई," ते म्हणाले, "मी आयुष्यभर ट्राम चालवली, पण एवढ्या वेगानं कधी नाही. तुम्हाला कुठे जायचंय का?"

"नाही हो. सवय आहे."

"पाटीवर तर लिहिलंय, इथे घाई नाही."

"ती मी नाही लिहिली."

मला वाटलं, आता म्हातारा चिडणार. पण पाश्के टोपी काढून गल्ल्याच्या कडेला टेकले. चांगले ऐसपैस टेकले. "बरं मग, बोला काहीतरी. घरी काय, नवरा कसा आहे तुमचा?"

"चाललंय," रोस्विता म्हणाली.

आमच्याकडे असंच म्हणतात. कसं काय विचारलं की 'चाललंय'. पाय मोडला तरी चाललंय, खाण बंद पडली तरी चाललंय. हे उत्तर तोंडातून आपोआप येतं, त्याच्यात कुणी काही शोधत नाही. पण पाश्के पडले डुइसबुर्गचे आणि त्यांना सवड भरपूर. त्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. झालं, त्या गुरुवारपासून एगोन आमच्या दुकानात यायला लागला.

पाश्केंची अडचण वेगळीच होती. त्यांची गेलेली बायको, हॅनेलोरे, सगळं आमच्यासारख्या दुकानातून आणायची. डुइसबुर्गातही असलंच दुकान होतं. आता मुलगी रोज ओरडायची, बाबा, तेच दूध पलीकडे स्वस्त मिळतं, पैसे काय उधळता? म्हातारा पेचात. पलीकडचं घेतलं तर हॅनेलोरेशी बेइमानी, इकडचं घेतलं तर मुलीची बोलणी. आणि स्वतःला तर काहीच कळत नाही, कारण जन्मभर बायको पुढ्यात वाढेल ते खाल्लेलं. दोन्हीकडचं पाहिलेली बाई गल्ल्यावर बसलीय म्हटल्यावर त्यांनी पुढच्या गुरुवारी थेटच विचारलं, "मला खरं सांगा. लोणी कुठलं घेऊ?"

"लोणी तिकडचं घ्या," रोस्विता आमच्या गल्ल्यावर बसून म्हणाली. "एकाच डेअरीतून येतं. मागे छोट्या गोलात डेअरीचा नंबर असतो, तो बघा, दोन्हीकडे तोच आहे. दुधाचंही तेच."

मी काउंटरमागून ऐकत होते. थीलमान आसपास नाही ना, ते आधी बघितलं. "आणि कॉफी?" पाश्केंनी विचारलं.

"कॉफीही तिकडची. एगोन म्हणतो, महागाची कॉफी पुन्हा घरात आणलीस तर घटस्फोट घेईन."

पाश्के खो खो हसले. "आणि स्ट्रॉबेरीचा जॅम?"

"जॅम इकडचा. तिकडच्यात स्ट्रॉबेरी शोधावी लागते. लोणच्यातला हेरिंग मासाही इकडचाच घ्या. मोहरीची चटणी तिकडची. आंबवलेली कोबी कुठलीही घ्या. एगोनला बारा वेळा चाखून फरक कळला नाही."

मी सुट्टीत तिला गाठलं. "अगं बये, तू आपल्या गिऱ्हाइकाला पलीकडे पाठवतेस? थीलमानच्या कानावर गेलं तर शरदाची वाट नाही बघायचा तो."

"त्यांनी खरं विचारलं," ती म्हणाली.

"आणि एगोन म्हणतो काय! 'म्हणायचा' म्हण."

यावर तिनं सांगितलं. एगोन खाणीत होता. छातीत धूळ बसली म्हणून लवकर घरी बसवला. घरात बसून बसून चिडचिडा झाला, भिंतींशी बोलायला लागला. तेव्हा ही एकदा येताना तीच वस्तू दोन्ही दुकानांतून घेऊन आली. दोन बशा मांडल्या, त्याच्या डोळ्यांना भांडी पुसायचं फडकं बांधलं आणि म्हणाली, ओळख. त्याला ते इतकं आवडलं की पुढे रोजचंच झालं. आज मोहरी, उद्या मध, परवा काकडीचं लोणचं. तो न्यायाधीशासारखा बसायचा, जीभ फिरवायचा आणि निकाल द्यायचा. स्वस्तातलं चांगलं निघालं तर खूश, कारण पैसे वाचले. महागातलं चांगलं निघालं तरी खूश, कारण ओळखलं. "मी स्वतः कधी चाखलंच नाही," रोस्विता म्हणाली. "चव त्याला कळायची. मी फक्त बशा मांडायचे."

तिच्या चेहऱ्यावर तेव्हाही काही नव्हतं. मी उगाच माझा चष्मा पुसला.

थीलमानच्या कानावर गेलंच. तो वरच्या ऑफिसातून तणतणत खाली आला, आणि शेवटच्या गल्ल्यापुढे रांग बघून जिन्यातच थांबला. पाश्केंनी चर्चमागच्या इमारतीत सगळ्यांना सांगितलं होतं. ज्या गल्ल्यावर चिटपाखरू नव्हतं, तिथे आता म्हाताऱ्या ट्रॉलीला टेकून उभ्या. प्रत्येकीला एगोन हवा. "अहो रोस्विताबाई, एगोन मधाचं काय म्हणतो?" "चॉकलेट कुठलं घेऊ, नातू येणार आहे." ती एकच सांगायची, एगोन म्हणतो तिकडचं, किंवा एगोन म्हणतो इकडचं. आणि मजा म्हणजे तिकडचं सांगितलं तरी बाया जाताना माझ्याकडून शंभर-दीडशे ग्रॅम हॅम घेऊन जायच्या. जी बाई लोण्याबद्दल खोटं बोलत नाही, ती हॅमबद्दल कशाला बोलेल, असा त्यांचा हिशेब. थीलमाननं गल्ल्याचा आकडा पाहिला आणि रागवायचं राहूनच गेलं.

एक श्रीमती होहाइजेल म्हणून आहेत, सगळ्यांच्या चुका काढणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या एगोनला दुसरं कामधाम नाही वाटतं?"

"नाही," रोस्विता म्हणाली. "घरीच असतो."

मला ते ऐकवेना. मी जाऊन उगाचच मागच्या शीतकपाटाचं दार उघडून उभी राहिले.

उन्हाळा असा गेला. तिचा वेग जरा कमी झाला होता, पण तेवढाच. हात मोकळे राहिले की ती पट्ट्यावरून फडकं फिरवायची, स्वच्छ पट्टा पुन्हा पुसायची. जेवणाच्या सुट्टीत ब्रेड माझ्याकडे सरकवायची. मी तिला एकदा माझ्या काउंटरवरचं जुनं पिकलेलं चीज दिलं, ज्याचा वास पार्किंगपर्यंत जातो. तिनं चावलं, गिळलं आणि म्हणाली, "चांगलं असेल." असेल म्हणे! माझा अपमान झाला, पण कुणावर रागावणार.

ऑगस्टमध्ये थीलमाननं नवं कलेजीचं सॉसेज आणलं. डोंगराकडच्या एका खाटकाकडून, जाडसर, वर मार्जोराम नावाच्या मसाल्याची पानं. माझ्या काउंटरचा मान वाढवणारी वस्तू होती ती. आणि त्याच आठवड्यात पलीकडेही कलेजीचं सॉसेज आलं, बरणीतलं, वर तसलंच सोनेरी लेबल, किंमत आमच्या निम्मी. गावात दुसरा विषय नाही. गुरुवारी पाश्के आले ते सरळ मुद्द्यावर. "रोस्विताबाई, एगोन काय म्हणतो?"

रोस्विताचे हात थांबले. "त्यानं अजून चाखलं नाही."

"मग चाखू द्या की! दोन्ही न्या आज. पुढच्या गुरुवारी सांगा."

थीलमान तिथेच होता. "मस्त," तो म्हणाला. "गुरुवारी मी स्वतः ऐकायला येतो. एगोननं आपलं पसंत केलं तर पाटीवरच लिहू, एगोनची पसंती. आणि रोस्विता, गुरुवारीच तुझंही पक्कं करून टाकू, काय?"

त्या आठवड्यात ती बाई नुसती फिरत होती. सोमवारी माझ्याजवळ आली. "बेर्बेल, तुला कुठलं चांगलं वाटतं?"

"मला माझंच चांगलं वाटणार. मला विचारून काय उपयोग? ठोकून दे काहीतरी. म्हण, एगोन म्हणतो इकडचं. थीलमान खूश, तू पक्की, विषय संपला."

"आजवर एकही शब्द मी त्याच्या तोंडात घातलेला नाही," ती म्हणाली. "जे सांगितलं ते सगळं त्यानं म्हटलेलं होतं. मोहरी, मध, कॉफी, सगळं. त्यात नवं काहीच नव्हतं म्हणून चाललं. आता हे त्यानं चाखलेलं नाही. मी काही म्हटलं तर तो मी बनवलेला एगोन होईल. मग आधीचं सगळंही खरं राहणार नाही."

"मग खरं सांग त्यांना."

"मग कुणी विचारणार नाही, एगोन काय म्हणतो."

तिच्याकडे त्याचं आता एवढंच उरलं होतं, लोकांनी रोज विचारावं आणि तिनं 'म्हणतो' म्हणावं. आणि ते या सॉसेजपाशी येऊन संपत होतं.

गुरुवार आला. पाश्केंची टोपी सरळ, मागे होहाइजेलबाई, त्यांच्यामागे चर्चमागच्या इमारतीतलं निम्मं मंडळ. थीलमान हातात पाटी आणि जाड पेन घेऊन उभा. मी एका बाईचं हॅम अर्धं कापून तसंच ठेवलं, आणि तीही काही बोलली नाही, तिलाही ऐकायचंच होतं.

पाश्केंनी सामान मांडलं. "मग? एगोन काय म्हणाला?"

"काही म्हणाला नाही," रोस्विता म्हणाली.

"का? आवडलं नाही?"

"तो गेला. फेब्रुवारीत."

पाश्केंना आधी समजलंच नाही. "कुठे गेला?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना समजलं. त्यांनी टोपी काढली.

"पण तुम्ही तर पहिल्या दिवशी म्हणालात, चाललंय."

"तेच म्हणतात ना इथे," रोस्विता म्हणाली, आणि तिचे हात सुटले. काय वेगानं! पलीकडचा तो जुना वेग पुन्हा आला. अंडी, दूध, पाव, काकड्या, यंत्राचा टिकटिक आवाज एकात एक मिसळला, ती मान खाली घालून एकेक वस्तू पुढे ढकलत होती. बघता बघता पट्टा रिकामा झाला. तिनं किंमत सांगितली आणि तळहात पुढे केला.

पाश्केंनी पाकीट काढलं नाही. ते काठी टेकत गल्ल्याच्या पुढच्या बाजूला गेले, तिथे पडलेली अंडी उचलली, परत आले आणि पट्ट्याच्या सुरुवातीला ठेवली. मग दूध. मग पाव. म्हातारा माणूस, एका वेळी एकच वस्तू नेत होता. सगळं सामान त्यांनी पुन्हा पहिल्यासारखं मांडलं.

"पुन्हा करा," ते म्हणाले. "सावकाश."

"दोनदा बिल होईल, काका." इतक्या महिन्यांत तिनं त्यांना पहिल्यांदाच काका म्हटलं.

"होऊ दे. तो बघेल." पाश्केंनी थीलमानकडे बघितलंही नाही. थीलमाननं पेन खिशात टाकलं.

रोस्विताचे हात अंड्यांवर होते, पण हलत नव्हते. बाजूचा गल्ला रिकामा होता, तिथल्या मुलीनं हातही केला, पण कुणी गेलं नाही. होहाइजेलबाईसुद्धा जागच्या हलल्या नाहीत.

"मी मांडल्या होत्या बशा," रोस्विता म्हणाली. "शनिवारी. एकीत इकडचं, एकीत तिकडचं. स्वतः खाऊन बघितलं. मला काही कळलं नाही. मला कशाचीच चव लागत नाही, फेब्रुवारीपासून. इकडचं काय नि तिकडचं काय."

"मग काय केलंत?"

"टाकून दिलं."

"दोन्ही?"

ती उत्तर द्यायला लागली आणि थांबली. तिला बहुतेक तेव्हाच ते आठवलं असावं. "नाही," ती म्हणाली. "तिकडचं टाकलं. इकडचं झाकून ठेवलं." मग जरा वेळानं, "एगोन सकाळी उरलेलं खायचा. चांगलं असेल ते मी झाकून ठेवायचे." आणि आणखी वेळानं, "अजून तिथेच आहे. फ्रिजमध्ये. वरच्या फळीवर."

तिचा चेहरा तसाच होता, फक्त डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते तिला कळत नसावं, कारण तिनं ते पुसलं नाही. मी माझ्या काउंटरमागे उभी होते आणि मला रडू येत होतं, मला ते चांगलं कळत होतं.

पाश्के माझ्याकडे वळले. "बेर्बेलबाई, त्या नव्या सॉसेजचे दोन तुकडे कापा. एक मला, एक यांना."

मी कापले. पातळ कापायला गेले ते जाड झाले. पावाच्या दोन फोडींवर ठेवून काउंटर सोडून स्वतः घेऊन गेले, जे मी कधी करत नाही. पाश्केंनी आपला तुकडा तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. रोस्वितानं बधिर बोटांनी पाव धरला, पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला, एक घास घेतला आणि चावत राहिली.

"काय?" पाश्केंनी विचारलं.

"कळत नाही अजून."

"घाई नाही," पाश्के म्हणाले, आणि टोपी गल्ल्यावर ठेवून कडेला टेकले.

तिनं दुसरा घास घेतला. मागची रांग तशीच उभी होती.